अग्निशमन दिन आणि अलिखित व्यथा
१४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन शिरोली एमआयडीसीसारख्या फौंड्र्यांच्या वसाहतींस परिचित आहे. त्याचे मूळ मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आहे. १९४४ साली त्या दिवशी ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावरील आग विझवीत असता दारूगोळ्याचा स्फोट होऊन ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले. मृतांची गणना झाली. सहकारी गमावून पुन्हा आगीस सामोरे गेलेल्यांच्या मनाचे काय?

आघातोत्तर तणावविकार ही संज्ञा अमेरिकन निदानग्रंथात १९८० साली प्रविष्ट झाली. १९८३ च्या ऑस्ट्रेलियातील वणव्यानंतर मॅकफार्लेन यांनी अग्निशामकांत त्याचा अभ्यास केला. तथापि संज्ञा नव्हती म्हणून व्यथाही नव्हती, असे इतिहासकाराने मानू नये. मानवंदनेबरोबरच वाचलेल्यांची साक्षही नोंदली जावी. अन्यथा उद्याच्या इतिहासातही हेच मौन उरेल.