ड्रीपी

ड्रीपी : पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेम मालिकेतील एक भूतरूपी प्रागैतिहासिक प्राणी. पोकेडेक्स या पोकेमॉन-सूचीतील क्रमांक ८८५. गेम फ्रीक या कंपनीने तयार केलेले ‘पोकेमॉन स्वॉर्ड’ आणि ‘पोकेमॉन शील्ड’ हे जोडगेम १५ नोव्हेंबर २०१९ रोजी निन्टेन्डो स्विचवर आले, त्यांत तो प्रथम दिसला. लेव्हल ५० ला त्याचा ड्रॅक्लोक (क्र. ८८६) होतो आणि लेव्हल ६० ला ड्रॅगापल्ट (क्र. ८८७). तिघांचाही टाइप दुहेरी आहे : ड्रॅगन आणि घोस्ट. ड्रॅगन आणि भूत असा संयोग मालिकेत त्याआधी गिराटिना या पुराणपात्रासारख्या पोकेमॉनकडे होता. पण तो एकमेव आणि देवतुल्य. रानात सापडणारे, पाळून वाढवता येणारे असे कुळ या जोडीला ड्रीपीमुळे मिळाले.

ड्रीपी जेमतेम अर्धा मीटर लांब आणि दोन किलो वजनाचा आहे. अंग फिकट निळसर-हिरवे, डोके दोन्ही बाजूंना मागे ओढल्यासारखे त्रिकोणी, आणि मागचे पाय असायला हवेत तिथे विरत जाणारी शेपटी. पोकेडेक्समधील नोंद सांगते, की हा प्राणी प्राचीन काळी समुद्रात राहत असे; मेल्यावर तो भूत होऊन पुन्हा जन्मला आणि जिवंतपणी जिथे वावरला त्याच जागांवर आता भटकत असतो. दुसऱ्या नोंदीनुसार तो इतका दुबळा आहे, की एकटा सापडला तर लहान मूलही त्याला हरवेल. मात्र सोबत्यांनी सराव करवून घेतला तर तो फार बलवान होऊ शकतो. या दोन नोंदींतच या कुळाची सगळी कल्पना सामावलेली आहे.

नामशेष प्राण्यांना परत आणणे हा पोकेमॉनचा जुना विषय. १९९६ च्या पहिल्या गेमपासून खेळाडूला जीवाश्म सापडतात, ते प्रयोगशाळेत दिले की त्यांतून ओमानाइट, काबुटो किंवा एरोडॅक्टिल जिवंत होऊन बाहेर येतो. पुढे बहुतेक प्रत्येक पिढीत असे जीवाश्म-पोकेमॉन आले आणि ते बहुतांशी रॉक टाइपचेच राहिले. दगडातून आलेला तो दगडाचा, असा सरळ हिशेब. ‘स्वॉर्ड’ आणि ‘शील्ड’ने या परंपरेला दोन बाजूंनी धक्का दिला. या गेमची भूमी गॅलार, म्हणजे ब्रिटनवर बेतलेला प्रदेश. इथली जीवाश्मतज्ज्ञ दोन वेगवेगळ्या प्राण्यांचे अर्धे अर्धे तुकडे जोडून एकच जीव तयार करते. त्यातून निघालेल्या ड्रॅकोविशचे पाय दमदार आहेत, तो जमिनीवर ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो, पण पाण्याबाहेर त्याला श्वास घेता येत नाही. माणसाने घाईने केलेल्या पुनरुज्जीवनाचे हे चित्र अस्वस्थ करणारे आहे.

त्याच गॅलारमध्ये ड्रीपी कुणीही न बोलावता परत आलेला आहे. त्याला प्रयोगशाळा लागली नाही, जीवाश्मही लागला नाही. अशाच वाटेने आलेला आणखी एक जीव या गेममध्ये आहे : गॅलारमधील कॉर्सोला. मूळ कॉर्सोला हा गुलाबी प्रवाळ. गॅलारमधला मात्र पांढराफटक आणि घोस्ट टाइपचा, कारण प्राचीन काळी हवामान अचानक बदलले आणि ती जात मरून गेली. कॉर्सोलाचे भूत इतरांची प्राणशक्ती शोषते, त्यात सूड आहे. ड्रीपीत सूड नाही. तो आपल्या जागी परतला आहे, इतकेच. भूत म्हटले की भीती, या सवयीच्या समीकरणाला इतक्या हळुवारपणे बाजूला सारणारे पात्र या मालिकेत दुसरे क्वचितच सापडेल.

ड्रीपीच्या डोक्याची ठेवण पाहताच पुराजीवशास्त्र जाणणाऱ्याला डिप्लोकॉलस आठवतो. डायनोसॉर अवतरण्याच्या कितीतरी कोटी वर्षे आधी, कार्बोनिफेरस काळाच्या अखेरीपासून पर्मियन काळापर्यंत जगलेला हा उभयचरासारखा प्राणी साधारण मीटरभर लांब होता. अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड ड्रिंकर कोप यांनी १८७७ मध्ये त्याला नाव दिले. टेक्सासच्या तांबड्या खडकांत त्याचे सांगाडे विपुल मिळतात. मोरोक्कोतही त्याच्या कुळातील एक जात सापडली आहे. कवटीच्या मागच्या दोन हाडांची लांबच लांब शिंगे होऊन डोके बूमरँगसारखे झाले होते. हे डोके कशासाठी, यावर बराच खल झाला आहे. १९८० मध्ये क्रुइकशँक आणि स्क्यूज या संशोधकांनी डोक्याची प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात तपासली आणि प्रवाहात ते पंखासारखे काम करून प्राण्याला चटकन वर उचलू शकले असते, असे दाखवले. शिकाऱ्याला असे रुंद डोके गिळणे अवघड जाई, हेही एक अनुमान आहे. पिल्लांच्या कवटीवर ही शिंगे आखूड असत आणि वयाबरोबर बाजूंना वाढत जात.

ही शेवटची गोष्ट गेममध्ये जशीच्या तशी उतरली आहे. ड्रीपीच्या डोक्याचे कोपरे आखूड आहेत, ड्रॅक्लोकचे त्याहून लांब, आणि तीन मीटर लांबीच्या ड्रॅगापल्टचे डोके म्हणजे थेट रडारला चकवणाऱ्या लढाऊ विमानाचा सपाट पंख. पंखासारख्या डोक्याच्या प्राण्याला चित्रकारांनी खरेच उडायला लावले. पोकेडेक्सने मात्र ड्रीपीचे पूर्वायुष्य समुद्रात घातले आहे. खरा डिप्लोकॉलस नद्या-तळ्यांच्या गोड्या पाण्यातला. आणि तरीही ‘स्वॉर्ड’ व ‘शील्ड’मध्ये रानटी ड्रीपी सापडतो तो लेक ऑफ आउटरेज या तळ्याच्या काठी! पोकेडेक्सचा समुद्र बाजूला ठेवला, तर हे भूत आपल्या खऱ्या घरीच परतले आहे.

तिथे तो सहज भेटत नाही. तळ्याच्या पलीकडच्या काठावर पोचायला आधी पाण्यावर चालणारी सायकल मिळवावी लागते. मग हवामानाची वाट पाहायची. आकाश ढगाळ असेल किंवा विजा कडाडत असतील, तर गवतात तो भेटण्याची शक्यता एक टक्का. दाट धुके असेल तर दोन टक्के. उन्हात तो या गवतात दिसतच नाही. सापडल्यावरही पकडण्याचा दर ४५, म्हणजे पकडण्यासाठी फेकलेल्या चेंडूतून निसटण्याची भीती कायम. २०२२ साली आलेल्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ या पुढच्या जोडीत तो फक्त ‘व्हायोलेट’मध्ये आहे; ‘स्कार्लेट’वाल्यांना तो अदलाबदल करून किंवा तत्सम मार्गाने मिळवावा लागतो.

पकडला तरी हातात येते ते काय? सहा मूल्यांची बेरीज २७० : प्राण २८, हल्ला ६०, बचाव ३०, विशेष हल्ला ४०, विशेष बचाव ३०, वेग ८२. आणि मूव्ह चारच. अ‍ॅस्टॉनिश, इन्फेस्टेशन, क्विक अटॅक, बाइट. इतर बहुतेक पोकेमॉन लेव्हल वाढेल तशा नव्या मूव्ह शिकतात. ड्रीपी लेव्हल ५० पर्यंत एकही शिकत नाही. वरून काही शिकवायची असेल तर वेगळ्या साधनांनी शिकवावी लागते. शिवाय त्याची अनुभवगुणांची चढण संथ गटातली : लेव्हल ५० ला १,५६,२५० गुण लागतात, लेव्हल ६० ला २,७०,०००. एवढ्या काळात एखाद्या चारमँडरचा चारिझार्ड होऊन कितीतरी लढाया जिंकून झालेल्या असतात.

याला गेमच्या रचनेतला अडथळा म्हणून पाहणारे खेळाडू आहेत, आणि कंटाळून गेममधल्या कँडी देऊन लेव्हल चढवणारेही. पण हा दुबळेपणा मुद्दाम ठेवलेला दिसतो आणि तो कथेशी चोख जुळतो. सोबत्यांशिवाय ड्रीपी टिकत नाही, असे पोकेडेक्स नुसते सांगून थांबत नाही. खेळाडूला ते करावे लागते : ड्रीपीला संघात ठेवायचे, दुसऱ्यांना लढवायचे आणि गुण मात्र यालाही मिळू द्यायचे. शेकडो पोकेमॉनच्या वर्णनांत मैत्रीचा आणि जिव्हाळ्याचा उल्लेख येतो, पण वर्णन आणि खेळण्याची कृती इतकी एकजीव झालेली उदाहरणे मोजकीच आहेत.

ड्रॅक्लोक या मधल्या अवस्थेचे पोकेडेक्समधील वर्गनाव ‘सांभाळ करणारा’ अशा अर्थाचे आहे. तो ताशी २०० किलोमीटरच्या वर उडतो, १.४ मीटर लांब असतो आणि त्याच्या डोक्यावर कायम एक ड्रीपी बसलेला असतो. लढाईतही तो ड्रीपीला बरोबर घेऊन लढतो आणि त्याचे रूपांतर होईपर्यंत त्याचे लाड करतो. डोक्यावर ठेवायला ड्रीपी नसला तर त्याला इतके बेचैन वाटते, की दिसेल त्या पोकेमॉनला उचलून तो त्या जागी बसवू पाहतो. इतर कुळांत मधली अवस्था ही केवळ एक पायरी असते. इथे तिला स्वतःचे काम आहे आणि स्वतःची व्याकुळताही.

ड्रॅगापल्ट ही पूर्ण वाढलेली अवस्था. वजन ५० किलो, मूल्यांची बेरीज ६००. एवढी बेरीज आणि तीन टप्प्यांची वाढ असलेल्या निवडक गटात तो मोडतो. ड्रॅगोनाइट, टायरानिटार, गारचॉम्प हे त्याच गटातले. त्या सर्वांत ड्रॅगापल्टचा वेग १४२ हा सर्वाधिक आहे. त्याच्या मागचा गारचॉम्प १०२ वर थांबतो. हल्ला १२० आणि विशेष हल्ला १००, त्यामुळे तो कोणत्या बाजूने वार करेल हे समोरच्याला आधी कळत नाही. उणेही आहे : घोस्ट, डार्क, आइस, ड्रॅगन आणि फेअरी या पाच टाइपांचा मारा त्याला दुप्पट लागतो, आणि प्राण ८८ व दोन्ही बचाव ७५-७५ असल्याने तो फार फटके सोसत नाही. ‘इन्फिल्ट्रेटर’ ही क्षमता असलेला ड्रॅगापल्ट प्रतिस्पर्ध्याने उभारलेल्या संरक्षक पडद्यांना न जुमानता घाव घालतो.

त्याची खास मूव्ह ड्रॅगन डार्ट्स. त्याच्या दोन्ही शिंगांना पोकळ्या आहेत आणि शांततेच्या काळात त्यांत ड्रीपी राहतात. लढाई सुरू झाली की तो त्यांना क्षेपणास्त्रांसारखे डागतो. ५० शक्तीचे दोन घाव. दोघांविरुद्ध दोघे अशा लढतीत समोरच्या प्रत्येकावर एक. वाचताना अंगावर काटा यावा अशी ही कल्पना आहे : एकदा मेलेली पिल्ले पुन्हा युद्धात फेकायची. गेमच्या लेखकांनाही तो प्रश्न पडला असावा, कारण ‘शील्ड’मधील नोंद सांगते, की शिंगांतले ड्रीपी ध्वनीच्या वेगाने सुटण्याची आतुरतेने वाट पाहत असतात. ज्याला शरीरच उरलेले नाही त्याला इजेची भीती कसली, असा विचार त्यामागे असू शकतो. तरी डोक्यावर ड्रीपी नसला तर कासावीस होणारा ड्रॅक्लोक आणि त्याच ड्रीपींना डागणारा ड्रॅगापल्ट हे एकाच प्राण्याचे दोन टप्पे आहेत, हा पेच पूर्ण सुटत नाही; आणि या कुळाबद्दलचे कुतूहल जिवंत राहते त्यात या पेचाचा वाटा मोठा आहे. ‘व्हायोलेट’मधील नोंदीनुसार मन एकाग्र केले की ड्रॅगापल्ट अदृश्य होतो आणि त्याच्याबरोबर शिंगांतले ड्रीपीही.

गॅलारचा विजेता लिऑन याच्या संघात ड्रॅगापल्ट आहे, त्यामुळे मुख्य कथा संपवणाऱ्या प्रत्येक खेळाडूची त्याच्याशी गाठ पडतेच. अ‍ॅनिमे मालिकेतही लिऑनच्या संघात तो होता, आणि २०२२ मध्ये मालिकेचा नायक ऐश लिऑनला हरवून जगज्जेता झाला त्या अंतिम सामन्यात तो लढला.

पोकेमॉनच्या पत्त्यांच्या खेळात हे कुळ २०२० पासून गाजत आहे. २०२४ च्या ‘ट्वायलाइट मास्करेड’ संचातील ‘ड्रॅगापल्ट ईएक्स’ स्पर्धांमध्ये विशेष चालला. ३२० एचपीच्या या पत्त्याची ‘फँटम डाइव्ह’ ही चाल समोरच्या पोकेमॉनवर २०० ची इजा करते आणि मागे बसलेल्या पोकेमॉनवर सहा इजा-सोंगट्या हव्या तशा वाटू देते. त्या संचातला ड्रॅक्लोकही तितकाच महत्त्वाचा : त्याच्या क्षमतेने खेळाडू आपल्या गठ्ठ्यातील वरचे दोन पत्ते पाहून एक हातात घेतो. म्हणून जाणकार खेळाडू सगळ्या ड्रॅक्लोकांचे ड्रॅगापल्ट करत नाहीत. एखाददुसरा ड्रॅक्लोक तसाच मागच्या रांगेत बसवून ठेवतात.