कोकणकिनाऱ्यावरील इस्लामी तत्त्वविचार
रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ हे बहमनी व आदिलशाही काळात भरभराटीस आलेले बंदर असून, पश्चिम आशियाशी चालणाऱ्या त्याच्या व्यापारातून मालाबरोबर धर्मविचारही कोकणात येत राहिला. उत्तर भारतातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी असताना कोकणी मुसलमान शाफिई परंपरा, म्हणजे इमाम शाफिई (७६७–८२०) यांनी घालून दिलेली धर्मशास्त्राच्या अर्थनिर्णयाची पद्धती, पाळतात, हे या सागरी संबंधांचेच फलित मानले जाते. याच परंपरेतील अल्-गझाली (१०५८–११११) यांनी अ‍ॅरिस्टॉटलला अनुसरणाऱ्या तत्त्वज्ञांचे खंडन केले, तरी त्यांचे तर्कशास्त्र स्वीकारले. पुढे इब्न अरबी (११६५–१२४०) यांच्या चिंतनातून ‘वहदत अल्-वुजूद’, म्हणजे खरे अस्तित्व एका ईश्वराचेच, हा सिद्धांत आकारास आला. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) यांनी या सिद्धांताचा पुरस्कार करून इब्न अरबींच्या ‘फुसूस अल्-हिकम’वर भाष्य लिहिले आणि आपल्या अरबी कुराणभाष्यात आयतांमधील परस्परसंगती उलगडून दाखवली.

विसाव्या शतकात चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेले हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांनी मात्र परंपरेच्या चौकटीबाहेर उभे राहून बुद्धिनिष्ठ धर्मचिकित्सेचा आग्रह धरला, आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करताना महात्मा फुले यांच्या सत्यशोधक परंपरेशी आपले नाते जोडले. माहिमींना ग्रंथाची आंतरिक संगती शोधायची होती, तर दलवाईंना कायदा व स्त्रीपुरुष समता यांच्या कसोटीवर रूढी तपासायच्या होत्या. त्यामुळे एकाच किनाऱ्यावर तत्त्वचिंतनाचा विषय ईश्वराच्या अस्तित्वाकडून नागरिकाच्या हक्कांकडे सरकलेला दिसतो.