ठेका आणि जाण

धान घरी आले की चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस येतात. वडसा हे तेथील नाटकमंडळ्यांचे ठाणे. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांस 2023 साली पद्मश्री लाभली. रात्रभर चालणाऱ्या या नाटकांत लय राखणे आणि मंडपाचा कल ओळखणे, ही दोन्ही कामे साथीदारास एकाच वेळी करावी लागतात.

डीजेवरही आरंभी हाच दुहेरी भार होता. 1969 च्या सुमारास न्यूयॉर्क येथे फ्रान्सिस ग्रासो याने दोन तबकड्यांचे ठेके जुळवून गाण्यांची धार अखंड ठेवण्याची रीत रूढ केली. एका कानाने चालू गाणे, दुसऱ्याने येणारे ऐकावयाचे आणि तबकडीची गती कमीअधिक करावयाची. सारे लक्ष त्यातच गुंते. पुढे संगणकाने मात्रांची मोजदाद आपल्याकडे घेतली व ही जुळणी एका कळीवर आली. कसब बुडाले, अशी हळहळ झाली. ती सर्वस्वी निराधार नव्हती, कारण कानाची ती तालीम खरोखरच मागे पडली.

परंतु मोकळे झालेले लक्ष आता समोरच्या माणसांकडे वळविता येते. ठेका यंत्राने सांभाळला, तरी पेंगू लागलेला मंडप कोणत्या सुराने जागा होईल, हे वडशाच्या साथीदाराप्रमाणे डीजेलाही माणसांचे चेहरे पाहूनच ठरवावे लागते.