छिद्रान्वेषी

आम्हा बँकवाल्यांच्या लेखी मनुष्यजातीचे दोनच वर्ग आहेत : लिहिणारे आणि तपासणारे. लिहिणारा लिहितो, तपासणारा त्यात खोट काढतो, आणि दोघेही कँटीनमध्ये एकच चहा अर्धा अर्धा पितात. पण ही काही बँकांची मक्तेदारी नव्हे. संगणकाचं बालपणसुद्धा याच जोडीच्या मांडीवर गेलेलं आहे.

अमेरिकेत १८८० सालची शिरगणती मोजता मोजता सात-आठ वर्षं गेली. म्हणजे पुढची पंगत दारात उभी आणि आधीची अजून ताकभातावर! तेव्हा हर्मन हॉलेरिथ नावाच्या इंजिनिअरला आगगाडीचं तिकीट आठवलं. तिथले कंडक्टर तिकिटाला भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवीत : केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, नाक मोठं की लहान. हॉलेरिथने मग साऱ्या देशाचंच तिकीट पंच केलं. १८९० साली माणशी एक कार्ड. वय, लग्न, जन्मस्थान, सगळ्याला भोकं. कार्ड यंत्रात दाबलं की भोक असेल तिथली सुई आरपार जाऊन पाऱ्याच्या वाटीत बुडे, वीज वाहे आणि काटा एक घर पुढे सरके. सव्वासहा कोटी माणसं अशी मोजून निघाली. कारकून मात्र जगभर सारखाच. विश्रांती हवीशी झाली की कुणीतरी ड्रॉपरने पारा उपसून पिकदाणीत सोडी आणि यंत्र 'बिघडे', असं सांगतात.

हॉलेरिथची कंपनी १९११ साली आणखी काही कंपन्यांत मिसळली, आणि त्या एकत्र कुटुंबाचं १९२४ साली बारसं झालं : आयबीएम. १९२८ पासून तिच्या कार्डावर ८० उभे रकाने आले. एका रकान्यात एक अक्षर. एकदा पडलेलं भोक खोडरबराने खोडता येत नसे. चुकलं की नवं कार्ड.

आता खरी गंमत. पंचिंगच्या खोल्यांत बहुतेक बायकाच असत. एकीने कागद बघून कार्डं पंच करायची. मग तीच कार्डं, तोच कागद दुसरीकडे. तिच्या यंत्राचं नाव व्हेरिफायर. तिने तेच सगळं पुन्हा टाइप करायचं. भोक मात्र पडत नसे. तिची कळ आणि आधीचं भोक जुळलं तर कार्ड पुढे. नाही तर यंत्र अडून बसे. तिसऱ्यांदाही जुळलं नाही, की त्या रकान्याच्या डोक्यावर खाच! सगळं बरोबर असेल तर कार्डाच्या उजव्या कडेला शाबासकीची खाच. संस्कृतात छिद्रान्वेषी ही शिवी आहे; इथे तो पगारी हुद्दा होता.

संगणकाच्या इतिहासात यंत्रं बांधणाऱ्यांची नावं आहेत, या बायकांची नाहीत. पण त्यांची बोटं घसरली असती तर त्या महायंत्राने चुकीचं उत्तर विजेच्या वेगाने आणि पूर्ण आत्मविश्वासाने दिलं असतं. हा गुण आमच्याकडे फक्त वरिष्ठांत आढळतो.

पुढे कार्डं गेली. ८० रकाने मात्र बरीच वर्षं संगणकाच्या पडद्यावर ८० अक्षरांची ओळ होऊन राहिले. व्हेरिफायरही गेलेला नाही. मोबाइलवरून पैसे पाठवताना 'खाते क्रमांक पुन्हा टाका' म्हणतो, तो तोच! फरक एवढाच, की तेव्हा या कामाला दोन माणसं होती आणि दोन पगार होते. आता लिहिणारे आपणच, तपासणारेही आपणच. पगार नाही तो नाहीच. अर्धा चहा प्यायला शेजारी कुणी नाही.