खडकपूर्णेच्या पुलावरून विद्यापीठाच्या दारापर्यंत



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात देणगीदारांची नावे आणि कार्यकारिणीचे फोटो येतात. ते योग्यच आहे. पण ज्या चळवळीने आपल्या पोरांसाठी विद्यापीठाचे दार मोकळे केले, तिचा एक मोठा प्रसंग आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात घडला, हे नव्या पिढीला ठाऊक नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

परमपूज्य बाबासाहेबांनी 1950 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. 1 सप्टेंबर 1951 रोजी त्याची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. तेच आपले मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा विद्यापीठ निघाले ते त्यानंतर, 1958 साली. सिंदखेडराजा, देऊळगावराजा या आपल्या भागाला नागपूर दूर, औरंगाबाद जवळ. नागसेनवनाच्या वसतिगृहांत खेड्यापाड्यांतली पोरं आली. अंगावर एक सदरा, हातात पत्र्याची पेटी आणि आधार भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा. ही शिष्यवृत्तीही 1944 साली बाबासाहेबांच्याच प्रयत्नांनी सुरू झालेली.

पोरं शिकली आणि प्रश्न विचारू लागली. 1972 साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिचे वारे नागसेनवनातही पोहोचले. ज्याने या भूमीत उच्च शिक्षणाचे बी पेरले त्याचे नाव विद्यापीठाला का नाही? 1977 मध्ये पँथर आणि विद्यार्थी संघटनांनी ही मागणी जोरात पुढे आणली. त्यात फक्त आपलेच लोक होते असे नव्हे. युवक क्रांती दलाची मुले होती, एस. एम. जोशी, बाबा आढाव यांच्यासारखे समाजवादी होते. आणि हेही लिहिले पाहिजे की विरोधात उतरले त्यांतही विद्यार्थी होतेच. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणारी मुले दोन बाजूंना उभी राहिली. नुसत्या शिक्षणाने जात जात नाही, हे त्या दिवसांनी दाखवून दिले.

27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला. आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. घरे जळाली, लोकांना गाव सोडून पळावे लागले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांचा बळी गेला. ठराव कागदावर राहिला.

तेव्हा प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली 11 नोव्हेंबर 1979 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. हजारोंनी लोक पायी चालले. विद्यार्थी होते, मजूर होते, लेकरं काखेला घेतलेल्या बाया होत्या. आम्ही तेव्हा लहान होतो. आमचे वडीलधारे सांगत, वाटेवरच्या वस्त्यांतून भाकरी थापून निघाल्या. कोणी चून दिले, कोणी नुसता मिरचीचा ठेचा. घरात दोन दिवसांचे पीठ नसलेल्या मायमाउल्यांनी अनोळखी पोरांना जेवू घातले.

27 नोव्हेंबरला मोर्चा मेहकरकडून सिंदखेडराजाच्या वाटेने येत असता खडकपूर्णा नदीच्या पुलावर पोलिसांनी तो अडविला. लाठ्या चालल्या. बायामाणसांनाही मार बसला. अटका झाल्या. मराठवाड्याची हद्द पुढ्यात होती आणि रक्त सांडले ते आपल्या जिल्ह्यात, आपल्या नदीवर. आज एस.टी.त बसून तो पूल आपण मिनिटभरात ओलांडतो. खिडकीतून कितीजण खाली बघतात?

त्यानंतरही चौदा वर्षे लढा चालला. 25 नोव्हेंबर 1993 रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. अखेर 14 जानेवारी 1994 रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव लागले. मागितले होते नामांतर, मिळाला नामविस्तार. तरी दरवर्षी 14 जानेवारीला त्या गेटसमोर लोटणारी गर्दी पाहिली की कळते, ती कमान नुसत्या दगडाची नाही.

आता थोडे आपल्या घरातले बोलू. कमानीवर नाव लागले म्हणजे आतला भेद संपला असे नाही. 17 जानेवारी 2016 रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाने जीव दिला. तोही आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचाच कार्यकर्ता होता. पोरगं शहरात एकटं पडतं, तेव्हा त्याच्या पाठीशी संघटना लागते आणि मागे वस्तीही लागते. मोर्चाला भाकर देणारी वस्ती होती. आज आपण काय देतो? आमच्यातील कित्येकांनी शाळा अर्धी टाकून जिनिंगची पाळी धरली, कारण घरात दुसरा इलाज नव्हता. पण आता इलाज असताना पोरीचे शिक्षण बारावीवर थांबवायचे आणि जयंतीच्या डीजेला वर्गणी द्यायची, हा कुठला आंबेडकरवाद?

आमची कार्यकारिणीला नम्र विनंती आहे. विहाराची मागची खोली रिकामी आहे. तिथे चार टेबले, दोन ट्यूबलाईट आणि एक कपाट पुस्तके ठेवा. अभ्यासिका सुरू करा. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना जे पोर अडते, त्याच्याजवळ बसायला एक शिकलेला माणूस रोज संध्याकाळी तासभर विहारात हजर ठेवा. शिकून नोकरीला लागलेल्यांनी हा तास वाटून घ्यावा. खडकपूर्णेच्या पुलावर मार खाणाऱ्यांचे ऋण फेडायचे तर एवढे तरी आपल्याला करता आले पाहिजे.

नमो बुद्धाय! जयभीम!