ओटीवरचं सिंगर

नऊवारी लुगड्याला सुई लागत नाही. धोतरालाही नाही, उपरण्याला नाही, डोक्यावरच्या मुंडाशाला तर नाहीच. सिंगर कंपनीच्या अमेरिकेतल्या साहेबांना हिंदुस्थानाबद्दल हीच धास्ती होती: न शिवलेलं कापड अंगाला गुंडाळणाऱ्या लोकांना शिवणयंत्र विकायचं कसं? त्यांचे मुंबईतले प्रतिनिधी नसरवानजी मेरवानजी पटेल यांना मात्र या देशात गिऱ्हाईक दिसत होतं. १८७० च्या दशकापासून पुढची काही दशकं या पारशी गृहस्थांनी सिंगरचा इथला कारभार सांभाळला. हप्त्यांवर मशीन देण्याची कंपनीची पद्धत इथंही रुजली.

आमच्या तळवलीत मशीन आलं ते कोटासाठी नव्हे आणि पाटलोणीसाठीही नव्हे. तेव्हाची तळवली म्हणजे खाडीकाठचं आगरी गाव. एका बाजूला घणसोली, दुसऱ्या बाजूला गोठिवली, पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात मिठागरं. बाजार ठाण्याचा. पोलकी, परकर, पोरांच्या चड्ड्या आणि गोधड्या एवढ्यासाठी घरात मशीन हवं असं कुणाला वाटलं असेल, तर त्या बाईचं घरात चांगलंच वजन असणार. आमच्या घरात ती बाई म्हणजे माझी पणजी.

हे सगळं मला मोठ्या आत्याने सांगितलं. तिच्या सांगण्यात तारखा नसतात, खुणा असतात. "मिठाच्या सत्याग्रहाच्या साली आयलं," ती म्हणायची. मशीन आलं तेव्हा ती जन्मालाही आली नव्हती, तरी बैलगाडी ठाण्याहून कशी आली, लाकडी पेटी पेंढ्यात कशी गुंडाळली होती आणि पणजीने ती उघडण्याआधी कसा नारळ फोडला, हे ती पाहिल्यासारखं सांगे. घरातले पुरुष हसायचे. जुन्या घरातली प्रत्येक वस्तू गांधींच्या काळातलीच असते, असं त्यांचं म्हणणं. त्यात शेजारचं घणसोली स्वातंत्र्यसैनिकांचं गाव म्हणून ओळखलं जातं, त्यामुळे १९३० हे साल आमच्याकडे कुठल्याही गोष्टीला सहज चिकटतं.

सिंगरच्या मशीनवर, खांबाच्या पायथ्याशी उजव्या कोपऱ्यात, एक क्रमांक कोरलेला असतो. त्याच्या आधीचं अक्षर कारखाना आणि काळ सांगतं. आमच्या मशीनवर इंग्रजी 'वाय' आहे. म्हणजे ते स्कॉटलंडच्या क्लायडबँक इथल्या कारखान्यात, १९२० च्या दशकात किंवा १९३० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत बनलं. आत्याची खूण त्यात चपखल बसली. तेव्हापासून तिच्या बाकीच्या गोष्टीही मी वहीत उतरवू लागले आणि हसणाऱ्यांना तो क्रमांक दाखवू लागले.

क्लायडबँकचा हा कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. त्याच्या घड्याळाचा मनोरा लांबून दिसे. आज कारखाना नाही, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून 'सिंगर'च आहे. १९११ च्या मार्चमध्ये तिथं मोठा संप झाला. लाकडाला पॉलिश करणाऱ्या बारा बायकांवर, सहकारी कमी करून, जास्तीचं काम लादलं गेलं. त्या उठल्या आणि बघता बघता अकरा हजारांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप मोडला, पुढारी कामावरून गेले. पणजीच्या पेटीवरचं पॉलिश त्याच खात्यातल्या पुढच्या पिढीतल्या बायकांच्या हातचं असावं, असं मला आपलं वाटतं.

गांधीजींचं आणि या मशीनचं नातंही गमतीचं आहे. यंत्रांवर टीका करणाऱ्या या माणसाने १९२४ मध्ये एका संवादात सिंगरच्या शिवणयंत्राला चक्क सूट दिली. बायको हाताने शिवताना थकते, तिचे कष्ट वाचावेत म्हणून प्रेमापोटी सिंगरने यंत्र बनवलं, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात आयझॅक सिंगर हा एकाच वेळी अनेक संसार मांडणारा, विसाहून जास्त मुलांचा बाप असलेला नट होता आणि १८५१ चं पेटंट त्याने पैशासाठीच घेतलं होतं. खादीवाल्यांच्या घरात हे विलायती मशीन निर्धास्तपणे चाललं, ते अशा गोड गैरसमजाच्या आधाराने. आत्याला मी हे सांगितलं तर म्हणाली, "त्याचं काय, मशीन चांगला हाय ना!"

आमचं मशीन सिंगरच्या भाषेत २८, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या पाऊणपट, हाताने चाक फिरवायचं. आतलं शटल बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं, बॉबिन लांबट काडीसारखी. उजव्या हाताने दांडी फिरवायची आणि डाव्याने कापड सरकवायचं. मी ते माळ्यावरून खाली काढलं तेव्हा चाक जागचं हलत नव्हतं. असं मशीन पाहून लोक गंजलं म्हणतात, पण बहुतेक वेळा दोष गंजाचा नसतो, खोबरेल तेलाचा असतो. घरात मशीनचं तेल संपलं की बायका डोक्याचं तेल घालत. ते काही वर्षांत राळेसारखं घट्ट होतं आणि सगळे सांधे चिकटवून टाकतं.

उपाय साधा आणि कंटाळवाणा. तेलाच्या प्रत्येक छिद्रात रॉकेलचे थेंब सोडायचे, थांबायचं, चाक केसभर पुढेमागे करायचं, पुन्हा सोडायचं. जोर लावायचा नाही. बिडाचा भाग तुटला तर सहजी सांधत नाही. सगळं मोकळं झाल्यावर रॉकेल पुसून मशीनचं पातळ तेल द्यायचं. मग सुईखालची पट्टी काढायची. तिच्या खाली, कापड ओढणाऱ्या दातांमध्ये, पिढ्यांचा कचरा नमद्यासारखा बसलेला असतो. आमच्यात हिरव्या, जांभळ्या, विटकरी तंतूंचे थर निघाले. हिरवा कुठल्या लुगड्याचा हे आत्याने सांगितलं. तो धागा मी पाकिटात ठेवला आहे.

काळ्या अंगावरच्या सोनेरी नक्षीची काळजी वेगळी घ्यावी लागते. तिच्यावर लाखेचा पातळ थर असतो आणि स्पिरिटने तो विरघळतो. चकचकीत करायच्या उत्साहात लोक स्पिरिटचा बोळा फिरवतात आणि नक्षी बोळ्यावर येते. तेलाचा मऊ फडका पुरे. खंडेनवमीला लावलेल्या हळद-कुंकवाचे डाग मी मुद्दाम ठेवले आहेत. बॉबिन भरायच्या चाकाचं रबर तेवढं नवीन टाकलं. सुई मात्र आजची, घरगुती मशीनची साधी सुईच चालते. शंभरीकडे झुकलेल्या यंत्राला कोपऱ्यावरच्या दुकानातली सुई बसते, हे मला अजून नवल वाटतं.

आता गोधडी. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर एक देखणं पुस्तक केलं आहे. उत्तर कन्नडमध्ये हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांच्या 'कवंदी' नावाच्या गोधड्याही आता प्रदर्शनांत जातात. दोन्हीकडे मान हाताच्या धावदोऱ्याला आहे आणि तो रास्तच आहे. पण त्यातून मशीन लागलं की गोधडी बाटली, असा एक सोवळेपणा आला आहे. तो मला पटत नाही. आमच्या ओटीवर दोन्ही चाले. वरच्या थराचे तुकडे पणजी मशीनवर जोडायची, कारण चौकोन-त्रिकोण हाताने जोडण्यात आठवडे जात. मग मधे जुन्या लुगड्यांच्या घड्या घालून, कोपऱ्यांवर वरवंटे ठेवून, चार बायका चार बाजूंनी बसत आणि कडेकडून आत हाताने टाका घालत येत. ओटीवरच्या खऱ्या गप्पा तेव्हाच्या. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा बांध फुटला, कुणाच्या शेतात खारं पाणी शिरलं, हे सगळं आत्याला त्या बैठकांतून माहीत.

मशीनवर सगळे थर एकदम शिवायचे तर अडचण असते. सुई आणि खांब यांच्यात जागा जेमतेम वीतभर. अख्खी गोधडी गुंडाळी करूनही तिथून जात नाही. शिवाय खालचे दात खालचा थर ओढतात, वरचा मागे राहतो आणि चुण्या पडतात. मी पट्ट्या-पट्ट्या वेगळ्या शिवून शेवटी जोडते. अठरा नंबरची सुई, लांब टाका, दाबपट्टीचा दाब कमी. टाक्याच्या खाली दोऱ्याची वेटोळी दिसली तर वरचा ताण सैल आहे असं समजावं. हाताच्या चाकाचा इथं खरा फायदा होतो: जाड शिवणीवर एकेक टाका मोजून घालता येतो. बिनमोटरचं जुनं मशीन थरांतून ज्या शांतपणे जातं, ते प्लॅस्टिकच्या नव्या यंत्रांना जमत नाही.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको आली आणि भाताची खाचरं संपादनात गेली. त्याचा इतिहास कागदोपत्री आहे: दि. बा. पाटलांचं नेतृत्व, जानेवारी १९८४ चं जमीन गेलेल्यांचं आंदोलन, उरणकडच्या गोळीबारात गेलेले पाच जण, साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना. लावणी-कापणीचं काम गेलेल्या बायकांनी पुढे काय केलं, ते मात्र आत्यालाच विचारावं लागतं. मोबदल्याच्या पैशांतून काही घरांत उषाचं पायमशीन आलं. उषा हे उद्योगपती लाला श्रीराम यांच्या मुलीचं नाव. मशीन कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगचं. त्या कारखान्याच्या जागेवर आज साउथ सिटी मॉल आहे, म्हणजे तिकडेही गोष्ट आमच्यासारखीच झाली. कोपरखैरणे, वाशीच्या वसाहती भरल्या तशा तिथल्या बायका साड्यांना फॉल लावून घ्यायला गावात येऊ लागल्या. नऊवारीला नको असलेली सुई पाचवारीला लागली आणि त्यावर आत्याने दोन पोरांची शाळा काढली.

आता जुन्या मशीनला वेगळीच मागणी आहे. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, ती शोभेसाठी विकली जातात. बिडाच्या पायांवर काच ठेवून कॅफेत टेबलं होतात. ऑलसेंट्स नावाच्या लंडनच्या कपड्यांच्या दुकानांनी तर खिडक्याच्या खिडक्या जुन्या शिवणयंत्रांनी भरल्या. माझ्या मते चालू शकणारं मशीन काचेमागे ठेवणं हा त्याचा अपमान आहे. भंगारवाला निदान तोंडावर किलोचा भाव सांगतो.

तुमच्या माळ्यावर, कॉटखाली असं एखादं मशीन असेल तर आधी त्याचा क्रमांक उतरवून घ्या. मग घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईला विचारा, ते कुणाचं, कुठून आलं, त्यावर पहिलं काय शिवलं, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. हे या आठवड्यातच करा. त्यानंतर रॉकेल, मशीनचं तेल आणि धीर. घरात कुणी शिवणार नसेल तर शिवणाऱ्या बाईला देऊन टाका. आणि कुणी कितीही सांगितलं तरी खोबरेल घालू नका.