मंडईंतलें पानिपत

पुण्याच्या मंडईंत निवडणुकीच्या गोष्टी निघाल्या आणि एखाद्या उमेदवाराची अनामत रक्कमही जप्त झाल्याचें कळलें, कीं ऐकणारा एका शब्दांत निकाल देतो : "पानिपत झालें !" भाव कोसळून बुडालेला व्यापारी, सर्व विषयांत नापास झालेला विद्यार्थी, डावानें हरलेला क्रिकेटचा संघ, सर्वांच्या वांट्याला हाच शब्द येतो. थोडक्यांत हरला त्याचें पानिपत होत नाहीं. त्यासाठीं सर्वस्वच जावें लागतें.

वास्तविक पानिपतावर १५२६ आणि १५५६ सालींही राज्यें पालटलीं. परंतु मराठी भाषेनें जतन केली ती १४ जानेवारी १७६१ ची लढाई. अहमदशहा अब्दालीशीं लढतांना सदाशिवरावभाऊ व पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव पडले. त्या धक्क्यानें खचलेले नानासाहेब पेशवे त्याच वर्षीं २३ जून रोजीं पर्वतीवर वारले.

एवढें मोठें दुःख नुसत्या बखरींत मावणें शक्य नव्हतें. तें बोलण्यांत उतरलें. 'भाऊगर्दी' हा शब्द त्याच रणांतला. उधारी मागतांना "विश्वास ठेवा" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला "विश्वास गेला पानिपतांत" असें उत्तर मिळतें, तेव्हां एका राजपुत्राचा मृत्यु कोटीच्या रूपानें पुन्हा आठविला जातो. 'संक्रांत कोसळली' हा प्रयोगही पुष्कळजण याच दिवसाशीं जोडतात. पण १७६१ सालीं मकरसंक्रांत लढाईच्या कांहीं दिवस आधींच होऊन गेली होती.

मंडईची इमारत १८८६ सालची. प्रथम तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव होतें. पुढें महात्मा फुले यांचें दिलें गेलें. तत्पूर्वी हा बाजार शनिवारवाड्यासमोरील पटांगणांत भरे. ज्या वाड्याचे धनी पानिपतानें खचले, त्याच्याच दाराशीं पुणेकर भाजीचा भाव करीत होते.

मात्र या शब्दांत अर्धेंच सत्य आहे. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत मराठी सत्ता पुन्हा सांवरली. १७७१ सालीं महादजी शिंदे प्रभृति सरदारांनीं दिल्ली घेतली आणि १७७२ च्या आरंभीं शहाआलम बादशहा मराठ्यांच्या आश्रयानें राजधानींत परतला. लढाईनंतरचीं हीं अकरा वर्षें म्हणीवाक्प्रचारांत कोठेंच आलीं नाहींत. हरण्याला भाषेनें नांव दिलें. सांवरण्याला मात्र तितका सहज तोंडीं येणारा शब्द अद्याप मिळालेला नाहीं.